खाणीवर कोण होतं, हे कोण सांगणार?

रत्नागिरीत तुमचं घर जुनं असेल तर भिंत बहुतेक चिऱ्याची असणार. नवं असेल तर निदान गडगा तरी चिऱ्याचा. तो चिरा कापला कोणी, असं कधी विचारलंय? लाजू नका, पंचविशी गाठेपर्यंत मीही विचारलं नव्हतं.

चिरेखाण बघायला फार लांब जावं लागत नाही. सड्यावर लाल धूळ उडताना दिसली की समजायचं. जांभा जमिनीत असतो तोवर त्यातल्या त्यात मऊ, उघड्यावर आला की कडक होत जातो. म्हणून काढतानाच मापात कापायचा. पूर्वी हातानं कापायचे, आता मशीनच्या पात्यानं. पातं फिरायला लागलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही आणि तोंडाला असतो फक्त फडका. कापणारे, उचलणारे, गाडी भरणारे यांतले बरेच जण कर्नाटकातून आलेले. पैसे बहुधा नगावर, म्हणजे जेवढे चिरे तेवढी मजुरी. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, काम थांबतं, माणसं गावी जातात. पुढच्या हंगामात ती त्याच खाणीवर येतील असं काही नाही.

उद्या ही खाण बंद झाली, तर 'माझं काम इथं होतं' हे त्यांनी कशावरून दाखवायचं?

खाणी आहेत तशाच चालू द्या, असं मी म्हणत नाही. पोखरलेले सडे आणि उघडे खड्डे तुम्हीही बघता. २०१२ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर छोट्या खाणींनाही पर्यावरण परवानगी लागते, ते बरंच झालं. शिवाय सिमेंटच्या ब्लॉकनं चिऱ्याची जागा घ्यायला सुरुवात केलीच आहे. काम बदलणार, यात शंका नाही. पण काम बदलताना कामगाराचं काय करायचं, याला जगात आता एक नाव आहे: न्याय्य स्थित्यंतर. २०१५ च्या पॅरिस करारातही ते आलंय. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेत बघा.

तिथल्या एमपुमलांगा प्रांतात कोळशाच्या खाणी आणि त्यावर चालणारी वीजकेंद्रं आहेत. त्यातलं कोमाटी हे १९६१ साली सुरू झालेलं केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं. कायम नोकरीवाल्यांना सरकारी वीज कंपनीनं दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं. कंत्राटी कामगार मात्र मोकळे झाले, आणि त्यांच्या पगारावर चालणारी आसपासची दुकानंही बसली. 'आपल्याला काय त्याचं' म्हणू नका. आपल्या जयगडला आयात कोळशावर वीज होते, आणि २०७० पर्यंत नेट झिरो गाठायचं आपल्या देशानंही जाहीर केलंय.

खरं तर आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यात कोकणी माणूस किती होता ते आपल्या वाडीत विचारा. गिरण्या गेल्या, चाकरमानी परत आले. पुढे घरांची योजना आली, २०१२ साली पहिली सोडत निघाली. तेव्हा घरोघरी ट्रंका उपसल्या गेल्या. आमच्या आजीनं आजोबांचं गिरणीचं कार्ड साडीच्या घडीत जपून ठेवलं होतं. शेजारच्या काकांचं वाळवीनं खाल्लं. दोघंही एकाच खात्यात, एकाच पाळीला. एकाचा अर्ज झाला, दुसऱ्याचा नाही. घर अजून दोघांनाही नाही, तो भाग वेगळा!

निदान गिरणीत हजेरीपट तरी होता. चिरेखाणीवर तोही सापडेल याची खात्री नाही. म्हणून कामगारांवरचं संशोधन म्हणजे फक्त विद्यापीठातल्या मोठ्या लोकांचं काम, हे मला पटत नाही. त्याची पहिली पायरी साधी आहे: कोण आहे, किती दिवस आहे, काय मिळतं, हात कापला तर दवाखान्याचे पैसे कोण देतं, पोरं शाळेत जातात का, गेल्या वर्षी कुठल्या खाणीवर होतात. हे लिहून काढायचं.

आणि लिहायला माणसं आहेतच की, तुम्ही! नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्ट करावाच लागतो. तो आपण कसा करतो हे आपल्याला ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या सीनियरची फाईल, नवीन कव्हर, स्पायरल बाइंडिंग. त्याऐवजी चौघं-पाचजण एकदा खाणीवर जा. संध्याकाळी जा, कामाच्या वेळी कोणी बोलणार नाही. वर्गात कन्नड येणारं कोणी असेल तर त्याला आधी पकडा. फोटो काढायची घाई नको. मालकासमोर प्रश्न विचारू नका आणि नाव छापू नका. तुमचे मार्क वाढतील आणि त्याची मजुरी जाईल, असं व्हायला नको. लिहिलेल्याची एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत ठेवा आणि एक कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. ज्यांची माहिती आहे त्यांनाही ती वाचून दाखवा. हे तर कोणीच करत नाही.

मात्र ठरवायचं तर लवकर ठरवा. पाऊस लागला की खाणीत पाणी असेल, माणसं नसतील.