महामारीत परीक्षा रद्द झाल्या, पत्रकं रद्द झाली नाहीत

मी करजणची. वडोदरा जिल्ह्यातलं, मुंबई-अहमदाबाद रेल्वेलाईनवरचं गाव. स्टेशनवर पाटी 'मियागाम करजण' अशी. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. २०२० च्या जूनमध्ये मी दहावी देऊन घरी बसले होते आणि माझी मावशी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवत होती. शाळा मार्चपासूनच बंद. मुलांचे धडे दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवर यायचे, आणि मावशीच्या फोनवर यायचे मेसेज: आज किती मुलांनी कार्यक्रम पाहिला, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, पाच वाजेपर्यंत कळवा. मावशीला एक्सेल जमत नव्हतं, म्हणून तो तक्ता मी भरायचे.

तिच्या वर्गात बत्तीस मुलं. कोणाच्या घरी टीव्ही आहे हे तिला पाठ होतं. पण त्या दिवशी कोणाकडे लाईट होती, कोण आईबरोबर शेतावर गेलं, हे रोज कसं कळणार? पहिला आठवडाभर तिने घरोघरी फोन केले. निम्मे लागायचेच नाहीत. मग एकदा साडेचारला म्हणाली, "बारा लिही गं." मी बारा लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौदा, कारण रोज तोच आकडा बरा दिसत नाही. हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पण आता कॉलेजात सर 'आकडेवारीवर आधारलेलं धोरण' शिकवतात ना, तेव्हा मला हटकून तो बारा आठवतो.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या वर्गात दोन भावंडं होती, नंदुरबारकडची. आईबाप इकडे मजुरीला आलेले. लॉकडाऊनमध्ये काम गेलं आणि कुटुंब गावी परतलं. मावशीला हे माहीत होतं, कारण निघण्याआधी त्यांची आई शाळेच्या दाराशी येऊन गेली होती. तक्त्यात रकाने दोनच: पाहिलं, नाही पाहिलं. 'गाव सोडून गेले' असा रकाना नव्हता. मी विचारलं, यांचं काय लिहू? "नाही पाहिलं, असंच लिही." म्हणजे मावशीकडे जी एक पक्की, उपयोगाची माहिती होती ती कोणी विचारत नव्हतं, आणि जी तिच्याकडे नव्हती ती रोज मागत होते.

जुलै २०२० मध्ये केंद्राने राज्यांना लिहिलं की गावी परतलेल्या मजुरांच्या मुलांची नोंद ठेवा, त्यांना 'तात्पुरती अनुपस्थित' धरा, पटावरून नाव काढू नका. चांगलं पत्र होतं. पण मी भरत होते त्या तक्त्यात दिवाळीपर्यंत तसा रकाना आला नाही. शिवाय गुजरातची नोंद गुजरातच्या पोर्टलवर, महाराष्ट्राची 'सरल'वर. ती दोन मुलं राज्याची हद्द ओलांडली आणि दोन पोर्टलांच्या मधे कुठेतरी पडली. सीमेवरच्या मित्रांनो, तुम्हाला हे फोडून सांगायला नको. एका राज्याच्या कागदावर असलेला माणूस दुसऱ्या राज्याच्या कागदावर नसतो, हे आपण लहानपणापासून बघतोय.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २७: शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. अपवाद तीन: दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. २०२० मध्ये यातले दोन अपवाद एकदमच लागू झाले. मार्चमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा लागला, तेव्हा त्या खात्यातलं काम कायदेशीर. ३ नोव्हेंबरला आमच्या करजण विधानसभेची पोटनिवडणूक झाली. गुजरातच्या आठ जागा होत्या, त्यात तुमच्या शेजारचा डांगही. कोरोनामुळे निवडणूक आयोगाने एका बूथवर जास्तीत जास्त १५०० ऐवजी १००० मतदार ठरवले. योग्यच केलं. पण बूथ वाढले की माणसं वाढतात, आणि माणसं म्हटलं की आधी आठवतात शिक्षक. आमदाराने पक्ष बदलायचा आणि मावशीने मास्क लावून ट्रेनिंगला जायचं! असो.

माझा आक्षेप मात्र निवडणुकीला नाही, ती कायद्यात लिहिलेली तरी आहे. रोजचे तक्ते, लिंक, फोटो, 'तातडीचे' मेसेज यांचं कलम २७ मध्ये नावच नाही. ते 'शैक्षणिक' कामातच धरले जातात, त्यामुळे त्यांना ना अपवाद लागतो ना मर्यादा. गंमत बघा, २९ जुलै २०२० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं नवं शैक्षणिक धोरण म्हणतं की शिक्षकांवर जड प्रशासकीय कामं टाकणार नाही. त्या महिन्यातही आमच्या घरी तक्ता चालूच होता.

बाहेर काय झालं? अमेरिकेत मार्च २०२० मध्येच केंद्रीय शिक्षण खात्याने राज्यांना त्या वर्षीच्या सक्तीच्या चाचण्या आणि त्यावर आधारलेले अहवाल यातून सूट दिली. इंग्लंडने प्राथमिकच्या राष्ट्रीय चाचण्या रद्द केल्या आणि शाळांच्या कामगिरीचे तक्ते छापले नाहीत. त्यांचं सगळं छान होतं असं नाही. पण 'हे वर्ष मोजायचं नाही' हे कोणीतरी लिहून दिलं. आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, गुजरातमध्ये सगळे पास, महाराष्ट्रात ९९.९५ टक्के. मुलांना सूट मिळाली. शिक्षक मात्र नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन जुळवून वेळेत अपलोड करत होते. मुंबईत तर त्यासाठी शाळेत पोचायला लोकलची परवानगी मागत होते.

कोणी म्हणेल, आकडे नकोत तर धान्य कोणाला द्यायचं ते कळणार कसं? बरोबर आहे. वर्षातून एकदा भरल्या जाणाऱ्या यूडायसच्या २०२०-२१ च्या माहितीतूनच कळलं की सुमारे ३९.७ लाख मुलं खासगी आणि अनुदानित शाळांतून सरकारी शाळेत आली. असा आकडा हवाच. आमच्या बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही पट आणि हजेरीशिवाय चाललं नसतं. पण त्या हजेरीने गैरहजर मूल सापडायचं. आमच्या तक्त्याने ते हरवलं.

त्यानंतर ही यंत्रणा वाढतच गेली आहे. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात वर्षाला ५०० कोटींहून जास्त नोंदी जमा होतात, असं केंद्राचंच २०२२ चं पत्रक सांगतं. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये शासन निर्णय काढून शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामं वेगळी केली. पण ही साध्या दिवसांची विभागणी झाली. पुढची साथ, पुढचा पूर आला की काय, त्याचं उत्तर आत्ताच लिहून ठेवायला हवं. आपत्ती कायदा लागला त्या दिवसापासून रोजची आणि आठवड्याची पत्रकं आपोआप बंद. शाळेने पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक मुलाबद्दल तीनच गोष्टी कळवायच्या: मूल कुठे आहे, त्याला धान्य मिळालं का, त्याच्यापर्यंत कोण पोचू शकतं. 'दुसऱ्या राज्यात गेलं' हा रकाना सगळीकडे सारखा, आणि ती नोंद त्या राज्यात आपोआप जावी. फॉर्म शाळेच्या माध्यमाच्या भाषेत हवा, म्हणजे बेळगावच्या मराठी शाळेतल्या बाईंना आधी कन्नड परिपत्रकाचा अर्थ लावत बसायला नको.

याची सुरुवात गावातूनही होते. कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या बायका. तुमची आई, काकू, वहिनी त्या समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत एवढा ठराव मांडायला सांगा. गुजरातीतला मसुदा मी मावशीबरोबर बसून लिहिलाय. मराठीत हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, टाकते.