नाव नसलेले हात

महाबळेश्वरच्या कड्यांना आर्थर, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन अशा साहेबांची नावे आहेत. परंतु १८३४ ते १८६४ या काळात येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी येथले रस्ते केले, भाजीपाला पिकविला. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या कड्याला नाही. ते केवळ ‘चिनी’ म्हणून उरले. वंशभेद म्हणतात तो हाच: माणसाचे श्रम घ्यावयाचे आणि नाव पुसून टाकावयाचे.

साहेब गेले, रीत मात्र आपण जपली. हॉटेलात टेबल पुसणाऱ्या मुलाला आपण ‘बारक्या’ म्हणतो, त्याचे नाव विचारीत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात वा घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही ‘बिचाऱ्याचे पोट तरी भरते’ हे समर्थन आपल्या जिभेवर तयार असते. पोट त्याचे भरते की सोय आपली होते?

कलेने सांगितले नाही, असेही नव्हे. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे!’ या चित्रपटातील कृष्णा घरोघर चहा पोहोचवितो. सारे त्याला ‘चायपाव’ म्हणतात. कृष्णेच्या उगमाशी राहणाऱ्या आपणही पडद्यावरच्या त्या कृष्णासाठी डोळे पुसले, आणि बाहेर येऊन बारक्याला दोन चहा सांगितले! असले अश्रू म्हणजे तिकिटाच्या पैशात मिळालेली करमणूकच होय.

वाचकहो, पुढच्या वेळी त्या मुलाला नाव विचारा, वयही विचारा. चौदा भरली नसतील, तर चहा तसाच ठेवून १०९८ या क्रमांकावर कळवा. मालक रागावेल, रागावू द्या.