फेसाचा काय गुन्हा?

परवा रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून मित्राचा फोन. आवाज असा की मला वाटलं घरात चोरी झाली. झालं होतं एवढंच, की साहेबांनी हौसेनं घरी स्ट्राँग बीअर लावली होती, चांगली नऊ टक्क्यांची, आणि फेसाने झाकण उडवून बेसमेंटचं छत रंगवलं होतं. बायको माहेरी गेलेली म्हणून वाचला. वर त्याचं निदान ऐका: "यीस्टच खराब निघालं रे!"

काय राव! यीस्टने नेमून दिलेलं काम जोरात केलं म्हणून ते खराब? आपल्या ऑफिसात असले मॅनेजर पाहिले होते, मित्रही त्यातलाच निघाला.

जरा हिशोब करू. साखर आंबते तेव्हा वजनाने जवळजवळ निम्मी कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. एका किलोमागे साधारण पावणेतीनशे लिटर वायू. नऊ टक्क्यांच्या वीस लिटर बीअरमध्ये यीस्टला खाता येईल अशी साखर तीनेक किलो असते, म्हणजे सात-आठशे लिटर वायू, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन-तीन दिवसांत. हा सगळा कारभार आमच्या मित्राने पेन्सिलीएवढ्या जाड एअरलॉकमधून काढायचं ठरवलं होतं. शिवाय स्ट्राँग बीअरला माल्ट जास्त, माल्टमधून प्रथिनं जास्त, म्हणून फेस चिवट. हॉप्सचा चोथा त्या फेसावर बसून वर येतो, नळीत बूच मारतो, आणि मग डब्याचा प्रेशर कुकर होतो, तोही शिट्टी नसलेला. प्लॅस्टिकचा डबा होता म्हणून छतावर निभावलं. काचेचा कार्बॉय असता तर फोन हॉस्पिटलमधून आला असता.

आपल्या धंद्यात याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. आत किती येणार ते न बघता जागा ठेवायची आणि मग इनपुटला शिव्या घालायच्या :)

यावर नेटवरचे पंडित सांगतात, सिमेथिकोनचे थेंब टाका. म्हणजे जेलुसिलमध्ये पोटातल्या गॅससाठी असतं तेच. फेस बसतो, खोटं नाही. पण ही म्हणजे एक्सेप्शन पकडून रिकामा कॅच ब्लॉक लिहिण्याची वृत्ती झाली. मूळ दुखणं दोन: जागा कमी आणि गरमी जास्त. आंबताना रस स्वतःच तापतो, खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज वर जातो. डबा पाण्याच्या टबात ठेवा, रस अठरा अंशांवर आला की मगच यीस्ट घाला, वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडा, आणि पहिले चार दिवस एअरलॉकऐवजी इंचभर जाडीची नळी काढून बादलीतल्या पाण्यात बुडवा. बस.

हे मला कुठल्या अमेरिकन पुस्तकाने शिकवलेलं नाही. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसेवरचा पूल आणि आमचं सापगाव. लहानपणी पलीकडच्या वाडीवर एक म्हातारी चैत्रात मोहाची फुलं भिजत घालायची. मटकं निम्म्याच्या थोडं वर भरायची, तोंडाला नुसतं फडकं. मी विचारलं, "आजी, एवढी जागा का सोडलीस?" तर म्हणाली, "त्याला उठाया नको का?" चाळीस अंशांच्या उन्हात तिचं मटकं उतू गेलेलं मी पाहिलं नाही. मोहात ती नवसागर टाकायची, म्हणजे अमोनियम क्लोराइड, यीस्टला नायट्रोजन. माझा मित्र त्याच कामासाठी 'यीस्ट न्यूट्रियंट' लिहिलेली पुडी डॉलर मोजून आणतो.

आता फरक बघा. अमेरिकेत घरी बीअर करायला १९७८ च्या कायद्याने परवानगी मिळाली, १९७९ पासून ती लागू झाली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन. त्यामुळे मित्राची ती 'क्राफ्ट'. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय मटकं लावलं की गुन्हा. पेपरात बातमी येते, ओढ्याकाठी इतके लिटर 'रसायन' नष्ट. रसायन! आंबवलेल्या फुलांना असं नाव दिलं की वाचणाऱ्याला ॲसिडचा टँकर डोळ्यांसमोर येतो. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरीत काचेमागे हेच रसायन चकचकीत टाक्यांत आंबतं आणि आपण त्याचे फोटो काढतो. २०२१ साली सरकारने मोहाची फुलं गोळा करण्यावरची बंधनं उठवली. गोळा करा, पण भिजवू नका!

"अरे पण विषारी दारू?" असं कोणीतरी म्हणणारच. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉल मिसळल्यामुळे. तो बाहेरून आणून ओतलेला असतो, मटक्यात आपोआप एवढा तयार होत नाही. दारूने उठलेली घरं मी आमच्याच बाजूच्या वाड्यांवर पाहिली आहेत, त्यामुळे पिण्याचं कौतुक मला सांगू नका आणि मीही सांगत नाही. माझं भांडण वेगळं आहे. चोरून करायचं म्हटलं की माणूस घाईत करतो, ड्रम गळ्यापर्यंत भरतो, झाकण घट्ट ठोकून ओढ्यात पुरतो, आणि चार शहाण्या गोष्टी कोणाला विचारू शकत नाही. गोव्याने फेणीला २००९ साली जीआय मिळवला, २०१६ साली वारसा पेय म्हणून मान दिला. आमच्या म्हातारीच्या वाट्याला काय आलं? दोनदा पोलीस येऊन मटकी फोडून गेले. तिसऱ्यांदा तिने लावलीच नाहीत. तिच्या सुनेला आता त्यातलं काही येत नाही.

असो. मित्राने पुन्हा लावली आहे. वीस लिटर रस, तीस लिटरचा डबा, जाड नळी, खाली बादली. काल परत फोन. वहिनी माहेरून आल्या आहेत आणि विचारताहेत, बेसमेंटमधलं हे गुरगुरणं किती दिवस चालणार.

म्हटलं, चार दिवस. आणि डब्यावर वाकून बघू नकोस.