जंतूंची रीत

१८९६ सालीं खाडीपलीकडील मुंबईंत प्लेग उद्भवला, आणि जंतु म्हणजे वैरी ही समजूत दृढ झाली. आमच्या मतें ती अपुरी आहे. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचेंच उदाहरण घ्या. साखरेचा सांठा करण्याची आज्ञा त्याच्या जनुकांतून आरएनएच्या रूपानें निघते. परंतु सीएसआरए नांवाचें प्रोटीन तिच्या आरंभींच बसून रायबोसोमला ती वाचूं देत नाहीं. गरज पडतांच दुसरा एक आरएनए अशीं सुमारें १८ प्रोटीनें स्वतःकडे ओढून घेतो, व वाट मोकळी होते. हेंच प्रोटीन प्लेगच्या जंतूंतही आहे! म्हणून पनवेलच्या विद्यार्थिमित्रहो, जंतूंचें नुसतें भय पुरे. त्यांची रीत अभ्यासावी, तरच रोगावर उपाय सुचेल.