छत्तीस अध्याय, तीस रात्री

आषाढात आमच्याकडे कुणाला बोलायलाही फुरसत नसते. चिखलणी, आवणी, पुढच्या खाचरात पुन्हा चिखलणी. दिवसभर वाकून रोपं लावायची आणि रात्री पाठ टेकली की झोप. आषाढ सरता सरता शेवटच्या खाचराची आवणी उरकते आणि गाव एकदम रिकामं होतं. पाऊस मात्र रिकामा होत नाही. पुण्यात श्रावणात ऊन पडतं, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडे तोंड करून बसलेल्या आमच्या गावात धुकं पडतं. समोरच्या घरातलं माणूस ओळखू येत नाही. अशा दिवसांत देवळात पोथी लागते.

मी या गावची सून. माहेर पुण्यात, सदाशिव पेठेत, भिंतभर पुस्तकांच्या घरात. लग्न होऊन आले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी श्रावणात देवळात जायची, खांबाला टेकून बायकांत बसायची आणि ऐकायची. पोथी वाचायची पुरुषांनी, अर्थ सांगायचा पुरुषांनी, बायकांनी वाती वळत ऐकायचं, हे कुणी ठरवलं ते ठाऊक नाही, पण ठरलेलं होतं. 2025 च्या श्रावणात ते मोडलं. कारण अगदी साधं होतं. वाचणारे उरले नव्हते. जुन्यांपैकी दोघे गेले, एकाला मोतीबिंदू, आणि तरणी मुलं हिंजवडीच्या कंपन्यांत किंवा पिरंगुटच्या कारखान्यांत. रोज रात्री एकच माणूस तासभर घसा कोरडा करणार तरी किती? मग भजनी मंडळातल्या एका पोरानं सुचवलं, की घरटी एक चिठ्ठी टाकू. ज्या घराला जो अध्याय येईल तो त्या घरातल्या कुणीही वाचावा. बाई असो, बाप्या असो, शाळकरी पोर असो. रात्री साडेआठला सुरुवात, आणि एकही रात्र खंड पडू द्यायचा नाही.

ग्रंथ ठरला होता श्रीधरांचा हरिविजय. अध्याय छत्तीस. श्रावण 25 जुलैला लागणार आणि 23 ऑगस्टला संपणार, म्हणजे रात्री तीस. सहा अध्याय जास्तीचे. ते बसवण्यासाठी देवळाच्या पायरीवर जी बैठक झाली ती मी कधी विसरणार नाही. चार रविवारी दोन-दोन अध्याय लावायचे, नारळी पौर्णिमेला दोन, आणि पंधरा ऑगस्टला सुट्टी म्हणून दोन. झाले छत्तीस! हिशेब जुळल्यावर माणसांच्या तोंडावर जो आनंद आला, तो पीक मोजून झाल्यावर येतो तसा होता. त्याआधी दोन वर्षं, 2023 साली अधिक श्रावण आला होता, तेव्हा दोन महिने हाताशी होते आणि चौसष्ट अध्यायांचा पांडवप्रताप लावला होता. तो अर्ध्यावरच राहिला. मुदत लांब असली की माणूस उद्यावर ढकलतो. या वेळची मुदत घट्ट होती, म्हणून मला ती आवडली.

हरिविजय पुरा झाला तो 1702 साली, पंढरपुरात. श्रीधर मूळचे जवळच्याच नाझऱ्याचे. त्या काळी औरंगजेबाची छावणी महाराष्ट्रातच हिंडत होती. पुढच्या वर्षी त्यानं सिंहगड घेतला आणि पावसाळ्यात पुण्याला तळ दिला. आमच्या मावळात तेव्हा कोण पीक घेत असेल आणि कुणाच्या हाती लागू देत असेल! अशा दिवसांत एक माणूस बसून गोकुळाची गोष्ट सांगतो, आणि तीही अशा मराठीत की ती नांगर धरणाऱ्याला समजावी. हरिविजयानंतर वर्षभरात रामविजय, मग 1712 ला पांडवप्रताप, 1718 ला बारामतीत शिवलीलामृत. गेली तीनशे वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांनी जे एकत्र बसून वाचलं, त्यातलं फार मोठं वाचन या एका माणसानं पुरवलं आहे. आमच्या विद्यापीठांतल्या अभ्यासक्रमांत त्याला पंडित कवींच्या मागे एक कोपरा मिळतो. मला तो अन्याय वाटतो, आणि श्रावणभर ऐकल्यावर तर जास्तच वाटतो.

माझी चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात निघाली. गोकुळातल्या बाळलीलांचा भाग होता. दुपारी मी पोथी घरी आणून तयारी केली आणि घाबरले. आमच्या देवळातली पोथी जुनी, शिळाछापाची, सुट्या पानांची, लाल रुमालात बांधलेली. तिच्यात शब्द सुटे नाहीत. ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग धावते. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ‘जाऊनकोस’ असं छापलेलं असेल तर ‘जाऊ नकोस’ म्हणायचं की ‘जाऊन कोस’, हे पुढची ओळ कळल्याशिवाय समजत नाही. म्हणजे डोळे जिभेच्या चार शब्द पुढे धावायला हवेत. शिवाय ‘च’ आणि ‘ज’ चे दोन-दोन उच्चार, आणि ओवीची साडेतीन चरणांची चाल. पहिले तीन चरण चढत जायचं आणि शेवटच्या अर्ध्यावर अलगद उतरायचं. मी एम.ए. मराठी आहे. हा ग्रंथ मी परीक्षेसाठी वाचला होता असं मी समजत होते. तो मी डोळ्यांनी चाळला होता, एवढंच.

त्या रात्री मी वाचायला बसले. पहिल्या दहा ओव्यांत तीनदा शब्द चुकीचा तोडला. दर वेळी बायकांच्या बाजूनं हलकेच बरोबर शब्द आला. मागे वळून पाहिलं तर आमच्या चुलतसासूबाई, ज्यांना सारं गाव काकी म्हणतं, त्या वातीवरची नजर न उचलता मला शब्द पुरवत होत्या. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण सत्तर श्रावण ऐकलेल्या. पोथी त्यांच्या कानांत होती. मी वाचत होते आणि त्या मला सांभाळत होत्या. अध्याय संपला, आरती झाली, गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद वाटला गेला, आणि काकी जवळ येऊन म्हणाल्या, “सूनबाई, आवाज चांगलाय तुझा. पर पळतीस कुठं? कुनी पाठीमागं लागलंय का?”

हे वाक्य मी महिनाभर घोळवत होते. मी खरोखरच पळत होते, आणि तेही आजकालचं नाही. दर जानेवारीत मी वहीत वर्षभराच्या पुस्तकांची यादी करते आणि संपलेल्यापुढे खूण करते. खुणा वाढल्या की बरं वाटतं. त्याच 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारचा ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ पंधरवडा झाला, कॉलेजांतून सामूहिक वाचनं झाली, आणि मलाही वाटलं होतं की चला, यंदा यादी लांबवू. दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो तेव्हाही शाळांत हेच विचारलं जातं, की किती पुस्तकं वाचलीस. या उपक्रमांना मी नावं ठेवणार नाही, मूल पुस्तकापर्यंत पोचतं तेच मोठं. पण देवळात कुणी कुणाला ‘किती’ विचारलं नाही. विचारायचे ते असं: ‘काल आली नाहीस, बरी आहेस ना?’ तिथे ऐकणाऱ्याची गैरहजेरी वाचणाऱ्याच्या चुकीपेक्षा जास्त डोळ्यांत भरत होती.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे पक्कं माहीत होतं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडून पाहा, ज्ञानदेव आधी श्रोत्यांकडे लक्ष मागतात. अवधान द्या, मग बाकीचं माझ्याकडे लागलं. दासबोधात तर श्रोता मधेच शंका काढतो आणि समर्थ थांबून तिचं निरसन करतात. हे ग्रंथ एकट्यानं कोपऱ्यात बसून संपवण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. समोर कुणी हुंकार भरणारं आहे असं धरून त्यांची ओळ रचलेली आहे. तो हुंकार गेला की ओळ लंगडी होते. परीक्षेच्या वेळी मला श्रीधर कंटाळवाणे का वाटले, ते मला आता कळतं.

दुसऱ्या आठवड्यात कातकरी वस्तीतल्या दोन घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या डब्यात पडाव्यात म्हणून पायरीवरच्या बैठकीत थोडी वादावादी झाली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एकानं म्हटलं, त्यांना वाचता कुठं येतं. दुसऱ्यानं विचारलं, तुला तरी कुठं येतं. चिठ्ठ्या पडल्या. त्यातल्या एका घरातून नववीतली मुलगी आली, शाळेचा गणवेश घालून, कारण तिच्याकडे तोच नवा पोशाख होता. तिनं जुनी पोथी बाजूला ठेवली आणि शब्द सुटे करून छापलेली नवी प्रत मागून घेतली. मग इतकं स्वच्छ वाचलं, की अर्थ सांगणाऱ्या बुवांना त्या रात्री फारसं काम उरलं नाही. देवळात कुणी कुठं बसायचं याच्या रेघा आमच्या गावांत ओढलेल्या होत्या आणि त्या अजून पुरत्या पुसलेल्या नाहीत. ज्या वाचनात गावातल्या प्रत्येक घराची चिठ्ठी नाही, ते वाचन सार्वजनिक म्हणवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पंधरा ऑगस्टला गोकुळाष्टमीही आली. पोथीत कृष्णजन्म सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो, पण आमच्याकडे अष्टमीच्या रात्री तो भाग पुन्हा लावतात. सकाळी झेंडावंदन, रात्री पाळणा. त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या मंगळवारचं.

18 आणि 19 ऑगस्टला घाटमाथ्यावर पाऊस नुसता कोसळत होता. मंगळवारी दुपारीच वीज गेली. त्या रात्रीचा, बत्तिसावा अध्याय ज्याच्या नावे होता तो मुलगा हिंजवडीहून निघाला खरा, पण वाटेत अडकला. साडेआठला देवळात आम्ही अकरा जण. बुवा तापानं घरी. चष्मा आणलेला माणूस एकही नाही, माझाही मी घाईत घरी विसरले होते. रस्त्यावरून ओढ्यासारखं पाणी वाहत होतं, परत जाऊन आणण्याची सोय नव्हती. कुणीतरी हळूच म्हणालं, आजचा उद्या वाचू, देव समजून घेईल.

काकी खांबापासून उठल्या. “आन् म्या कशाला बसलेय? मला जवळचं दिसतं. वाचते मी. लागंल तेवढा येळ लागंल. बसा समदी.”

व्यासपीठापुढे त्या बसल्या. दोन मोबाइलचे उजेड दोन्ही बाजूंनी धरले. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर, जोडाक्षरापाशी थांबून, मागे जाऊन, पुन्हा. मग कान मदतीला यायचा आणि अर्धी ओवी एकदम चालीत निघायची, की पुन्हा अडखळ. तासाभराचा अध्याय. त्याला अडीच तास लागले. पत्र्यावर पावसाचा असा आवाज, की आम्हाला पुढे सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसावं लागलं. अकरातलं एकही माणूस उठलं नाही. एका मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा दुसरा पुढे आला. मी त्या अध्यायातला शब्द न् शब्द ऐकला. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मी काहीच ऐकलं नव्हतं, कारण पुढचा शब्द येईल की नाही याची सगळ्यांना सारखीच धाकधूक होती, आणि आला की सगळ्यांना सारखंच हायसं वाटत होतं.

अकरा वाजता शेवटची ओवी झाली. तेवढ्यात तो मुलगा आला, नखशिखांत भिजलेला, बूट हातात घेतलेले. आपला अध्याय चुकला म्हणून त्याचा चेहरा पडला होता. काकींनी पोथी रुमालात बांधता बांधता त्याच्याकडे पाहिलं आणि प्रसादाचा गूळ त्याच्या ओल्या हातावर ठेवला.

23 ऑगस्टला समाप्ती झाली. पोथी पालखीत घालून गावातून मिरवली, भंडारा झाला, आंबेमोहराचा भात आणि आमटी. जेवणं चालू असतानाच भजनी मंडळातला तोच पोरगा म्हणाला, की आता भात कापून, झोडून झाला की मार्गशीर्षात काय वाचायचं? कुणी भक्तिविजय म्हणालं, कुणी नवनाथ. मी राजेंद्र व्होरा यांचं ‘मुळशी सत्याग्रह’ सुचवलं. 1921 च्या रामनवमीला आमच्या या मावळ्यांनी धरणाचं काम अडवायला सुरुवात केली. सेनापती बापट त्यांच्या पुढे होते, 1924 पर्यंत ती झुंज चालली, आणि शेवटी निळा-मुळेच्या खोऱ्यातली भाताची खाचरं आणि गावं पाण्याखाली गेली. ज्या पाण्याकडे आम्ही रोज सकाळी बघतो, त्याची गोष्ट गावातल्या किती जणांनी सलग ऐकली आहे? शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं शंका काढली, की हे पुस्तक व्यासपीठावर ठेवायचं की नुसतंच हातात धरून वाचायचं, कारण त्यात देव नाही. यावर बराच खल झाला आणि निकाल लागला नाही. काकी मध्येच विचारत्या झाल्या, त्यात बुडालेल्या गावांची नावं आहेत का? त्यांच्या आजीचं माहेर तळाशी गेलंय. मी म्हटलं, आहेत.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या करायला बसले. घरटी एक. काकी ओसरीवर आल्या, डब्यातल्या आमच्या घराच्या चिठ्ठीकडे बोट करून म्हणाल्या, “ही घराची झाली. माझी येगळी कर.”