विश्लेषण : किर्लोस्करवाडीची लोखंडी खुर्ची ‘अस्सल’ कशी ठरवायची?

जुन्या भारतीय फर्निचरला गेल्या काही वर्षांत मोठी मागणी आली आहे. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांतील सागवानी खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या, तेव्हापासून व्यापाऱ्यांची नजर इतर ठिकाणच्या जुन्या सामानाकडेही वळली. सातारा-सांगली भागातील शाळा, वाचनालये आणि वाड्यांमध्ये पडून असलेले किर्लोस्करवाडीचे लोखंडी फर्निचर त्यातच येते. आजवर ते भंगारात किलोच्या भावाने जात होते. पण भाव चढला की नक्कलही येते. मग समोरची खुर्ची खरोखर किर्लोस्करवाडीची आहे, हे कोण आणि कशावरून सांगणार?

चित्रकार होता होता राहिलेला कारखानदार

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईला जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तोच विषय शिकवला. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचे चरक, पंप आणि त्यांच्या जोडीला लोखंडी फर्निचरही तिथे तयार होऊ लागले.

जाहिरातींत हा तपशील ‘कलावंताने घडवलेली खुर्ची’ असा फुगवला जाण्याचा धोका आहे. लक्ष्मणरावांची दृष्टी कारखान्याच्या मालात दिसते असे म्हणता येईल. अमुक खुर्ची त्यांनी स्वतः रेखाटली, असा दावा कागदाशिवाय कोणी करत असेल तर तो ग्राहकाने सोडून द्यावा.

चंडीगढमध्ये काय घडले?

ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिअर जानरे १९५१ ते १९६५ या काळात चंडीगढच्या उभारणीत होते. नव्या शहरातील कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह सागवान आणि वेताचे साधे, टिकाऊ फर्निचर तयार करवून घेतले. काही दशकांनी ते मोडके सामान म्हणून लिलावात निघाले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, डागडुजी केली आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये विकले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये अशा सामानाच्या विक्रीला आळा घालणारा आदेश काढला. यादीत तेव्हा बारा हजारांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. म्हणजे मोजदाद झाली ती बराच माल निघून गेल्यावर.

त्या खुर्च्यांवर खात्याची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असत. आधी तीच अस्सलपणाची खूण मानली गेली. नंतर नकली खुर्च्यांवरही तशीच अक्षरे उमटू लागली. एकाच खुणेवर विसंबणे किती महाग पडते, याचे हे चांगले उदाहरण.

लोखंड काय सांगते?

ओतीव लोखंडाच्या बाबतीत तपासणीला एक भक्कम आधार आहे. वितळलेले लोखंड साच्यात थंड होताना साधारण एक टक्का आकसते. त्यामुळे साचा बनवणारा कारागीर मूळ नमुना तेवढा मोठा ठेवतो. नक्कल करणाऱ्याकडे हा नमुना नसतो. तो जुन्या खुर्चीचाच भाग वाळूत दाबून नवा साचा घेतो. साहजिकच नवा भाग पुन्हा एक टक्का आकसतो : ४५ सेंटीमीटरच्या भागात साडेचार मिलिमीटरचा फरक. खात्रीची एक मूळ वस्तू समोर असेल, तर साध्या कॅलिपरने ही चोरी पकडता येते. उठावाची अक्षरेही दुसऱ्या ओतकामात बोथट होतात.

बाकीच्या खुणा दुय्यम आहेत. रिव्हेट आहेत की वेल्डिंग, आटे जुने सपाट खाचेचे आहेत की अधिक चिन्हाचे, हे बघावे. पण दुरुस्तीत आटे बदलतातच. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे सारखा दिसतो, तर वापरातली झीज पायाच्या टोकाला, हाताच्या कडेला, बिजागरीत अशी ठरावीक ठिकाणी असते. रंग खरवडून, पॉलिश मारून ‘नवी कोरी जुनी’ खुर्ची विकणारे खरे तर पुरावाच पुसत असतात.

कागदाचा पुरावा

या भागातल्या वस्तूंना एक वेगळी सोय आहे. १९४८ पर्यंत किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. पावती किंवा माहितीपत्रकावर ‘जिल्हा सांगली’ छापले असेल, तर तो कागद १९६० च्या आधीचा असूच शकत नाही. १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीच निघाले होते; जुन्या अंकांतल्या जाहिराती म्हणूनच कामाच्या. शाळा आणि वाचनालयांची जडसंग्रह नोंदवही तर सर्वांत मोलाची. दुर्दैवाने खुर्चीच्या आधी बहुधा तीच रद्दीत जाते.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ते मानांकन नव्याने बनणाऱ्या मालासाठी असते, ऐंशी वर्षांपूर्वीच्या खुर्चीला त्याचा उपयोग नाही.

कायद्याचे संरक्षण आहे का?

१९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. चंडीगढचे फर्निचर वयाच्या याच अटीमुळे कायद्याबाहेर राहिले. किर्लोस्करवाडीचा कारखाना मात्र शंभरी ओलांडून गेला आहे, त्यामुळे तिथल्या जुन्या वस्तू एकेक करून या मर्यादेत येत जातील. त्या वेळी वस्तू कोणत्या वर्षाची, हा प्रश्न हौसेचा न राहता कायद्याचा होईल.

औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात हेन्री मूर यांचे ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प आहे. संग्रहालयाच्या छपराखाली असल्याने ते कोणी भंगारात काढणार नाही. त्याच संस्थानाच्या माळावर तयार झालेल्या खुर्च्यांची मात्र अशी एकत्र नोंद ठेवण्याची जबाबदारी आज कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही. तोवर शाळा आणि ग्रामपंचायतींना एवढे करता येईल : निर्लेखनाच्या यादीत खुर्ची टाकण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, मापे घ्यावीत, आणि नोंदवहीच्या त्या पानाची प्रत जपून ठेवावी.