नोटीस येण्याआधी दप्तर उघडा



कशेडीच्या घाटात कापूस पिकत नाही, ज्वारीही पिकत नाही. पोलादपूर सोडून खेडच्या दिशेने निघाले की डोंगरउतारावर वरकस जमीन लागते, तिच्यावर नाचणी आणि वरी. खाली पाणी ठरते तिथे भाताची खाचरे. एकेकाचा तुकडा गुंठ्यांत मोजायचा. मग कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मेळाव्यात वाटल्या जाणाऱ्या या पत्रात कशेडीचे काय काम, असे कोणीही विचारील. काम आहे. कोकणच्या शेतकऱ्याला महामार्गाने जो धडा आधी दिला, तोच आता काळ्या मातीच्या दारात येऊन उभा आहे.

मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. पनवेलकडून त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. कशेडीची वळणे टाळण्यासाठी डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर एकातून हलकी वाहने सोडली. बोगदा डोंगरातून जातो. पण त्याला जोडणारा रस्ता शेतातून जातो आणि शेताचा मोबदला सातबाऱ्यातून जातो. गोम इथेच आहे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती १९५६ च्या कायद्याने. आधी कलम ३-अ खाली राजपत्रात अधिसूचना निघते आणि दोन स्थानिक वृत्तपत्रांत तिचा मजकूर येतो. तेव्हापासून हरकतीला दिवस मिळतात एकवीस. पुढची अधिसूचना निघाली की जमीन सरकारची झाली. मग पुन्हा वृत्तपत्रात नोटीस: ज्यांचा हितसंबंध असेल त्यांनी दावा सांगावा. कोणाचा हिस्सा किती यावर भांडण निघाले तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अशा वेळी रस्ता थांबत नाही, पैसा थांबतो.

आता कोकणी घराचा हिशोब मांडून पाहा. समजा आजोबांच्या नावे चाळीस गुंठे होते. त्यांना चार मुले, त्यांची प्रत्येकी चार, त्या सोळांची प्रत्येकी तीन. अठ्ठेचाळीस वाटेकरी, आणि एकाच्या वाट्याला गुंठाभरही जमीन नाही. त्यातले तीन चतुर्थांश मुंबईत, सुरतेत, कुठे कुठे. सातबाऱ्यावर नाव मात्र अजून आजोबांचेच. नोटीस येते ती मेलेल्या माणसाच्या नावाने. एकवीस दिवसांत वारस शोधायचे, दाखले काढायचे, फेरफार धरायचा, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत ते वेगळेच. हे काम वीस वर्षे सवडीने होण्यासारखे होते. ते एकवीस दिवसांवर आले की घरे फुटतात आणि दलालांचे फावते.

हे आपल्याकडे होणार नाही, असे कोणी समजू नये. सातशे किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पवनार ते पत्रादेवी अशा शक्तिपीठ महामार्गाची आखणी जाहीर झाली तेव्हा गावोगाव मोजणीला विरोध उभा राहिला. विरोध करायचा की मोबदला घ्यायचा, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण दोन्हीसाठी आधी दप्तरात नाव लागते. ज्याचे नाव नाही त्याची हरकतही कोणी ऐकत नाही.

आणि महामार्ग तर क्वचित येतो. सातबारा रोज लागतो. सीसीआयच्या केंद्रावर हमीभावाने कापूस घालायचा तर पीक पाहणीत कापूस नोंदलेला हवा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजारांचे साह्य जाहीर झाले, तेव्हा ज्यांची ई-पीक पाहणी नव्हती त्यांची धावपळ झाली. पी.एम. किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी नाव दप्तरात आहे का, हे पाहिले गेले. कर्ज, विमा, दुष्काळाचे अनुदान, कर्त्या पुरुषाने जीव दिल्यावर घराला मिळणारी मदत, सगळ्यांची वाट त्या एका कागदावरून जाते. कृषी महाविद्यालयात आम्हाला मातीचा सामू मोजायला शिकवला, चुनखडीचे प्रमाण काढायला शिकवले. त्या मातीचा मालक सरकारी दप्तरात कोण आहे, हे वाचायला कोणी शिकवले नाही.

दप्तर कोणाचे?

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. जमिनीचे दप्तर गुप्त नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे जमिनीचे नकाशे आणि अभिलेख ठरावीक फी भरून कोणालाही पाहता येतात, त्यांची नक्कल मिळते. पाहणी, शोध आणि नकला यांचे नियम १९७० पासून आहेत. दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, म्हणजे कोणती जमीन कोणी कोणाला विकली त्याची यादी, १९०८ च्या नोंदणी कायद्याने कोणालाही पाहता येते. शिवाय माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. तेव्हा कचेरीत जाताना मान खाली घालून, मेहरबानी मागायला जाऊ नका. तुमच्याच बापजाद्यांच्या साऱ्यावर ते दप्तर उभे राहिले आहे.

‘ही जागा कोणाची?’ या प्रश्नाला केवढे मोल असते, ते याच मुलखाने देशाला दाखवले आहे. कशेडीच्या अलीकडे महाड. तिथले चवदार तळे नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून अस्पृश्यांना खुले केले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. त्यांचा दावा काय होता? तळे सार्वजनिक नाही, ते स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे. १४ डिसेंबरला मनाई हुकूम निघाला आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, सव्वानऊ वर्षांनी. लढाई माणुसकीची होती. पण समोरच्याने ती मालकीच्या प्रश्नावर नेली, आणि तिथेही ती लढून जिंकावी लागली.

आपल्या गावची गायराने, पाणवठे, पाणंद रस्ते यांचेही असेच आहे. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाचे हक्क लिहिलेले असतात. चराई कुठे, जळण कुठून, वाट कोणती, ते सगळे. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने आधार मिळाला, पण १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा दाखवावा लागला. अतिक्रमणाची नोंद असते गाव नमुना १-ई मध्ये. ज्याची नोंद होती त्याच्या हाती काही होते, ज्याची नव्हती तो रिकामा. तेव्हा स्वतःचा सातबारा काढाल तेव्हा गायरानाचाही काढा.

शोध कसा घ्यायचा?

सुरुवात आठ-अ पासून करा. तुमच्या खात्यावर त्या गावात किती गट आहेत, ते त्यात दिसते. मग प्रत्येक गटाचा सातबारा. महाभूलेखावर तो नुसता पाहता येतो. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो आणि १ मे २०१८ पासून तशी सोय आहे.

सातबारा हातात आला की आपले नाव पाहून घडी घालू नका. नावाजवळ वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे क्रमांक. प्रत्येक आकडा म्हणजे एक घटना: वारस, खरेदी, वाटणी, बोजा. ज्या नावाला कंस आहे ते कमी झालेले नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झाले, ते विचारा. ए.कु.क. किंवा ए.कु.मॅ. असे लिहिले असेल तर ते नाव एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचे आहे. बाकी भावंडांचा हक्क त्या तीन अक्षरांमागे दडलेला असतो. इतर हक्कांत सोसायटीचा फिटलेला बोजा अजून लटकतो आहे का, विहिरीचा हिस्सा आहे का, कुळाचे नाव आहे का, पाहा. वर्ग एक की वर्ग दोन, तेही पाहा. वर्ग दोनची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही.

त्यानंतर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. मागे मागे जात राहा. गटाच्या मागे जुना सर्व्हे नंबर आहे, त्यासाठी एकत्रीकरण योजनेचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा लागतो. त्याहून मागे विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, मराठवाड्यात खासरा पत्रक. हद्दीचा तंटा असेल तर टिपण आणि गुणाकार बुक तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत मिळते. आणि एक लक्षात ठेवा, दप्तर जुन्या नावाने आणि जुन्या जिल्ह्यात शोधावे लागते. महाड-पोलादपूरच्या १९८१ पूर्वीच्या कागदावर रायगड सापडणार नाही, तिथे कुलाबा लिहिलेले असते. तसेच जालन्याचे मूळ औरंगाबादेत, लातूरचे उस्मानाबादेत, वाशिमचे अकोल्यात, हिंगोलीचे परभणीत.

चूक सापडली तर? लेखनातली किंवा संगणकावर उतरवतानाची चूक तहसीलदार कलम १५५ खाली दुरुस्त करू शकतो. फेरफार धरला की तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, चावडीवर नोटीस लावायची आणि हितसंबंधितांना कळवायचे, हे कलम १५० सांगते. हरकतीला पंधरा दिवस. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर प्रांताकडे अपिलाला साठ दिवस. चुकीची नोंद पाहूनही गप्प राहाल तर कलम १५७ आडवे येते: उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते.

याला दुसरी बाजू आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही, नोंद महसुलासाठी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. म्हणजे सरकार सारा घेते, नोंद ठेवते, पण मालकीची हमी देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये टॉरेन्स पद्धत आणली, तिथे नोंद हीच मालकी. आपल्याकडे मालकी शेतकऱ्यानेच सिद्ध करायची आणि कागद मात्र सरकारच्या कपाटात. या उफराट्या व्यवस्थेविरुद्ध बोललेच पाहिजे. पण ती बदलेपर्यंत त्या कपाटात आपला कागद नीट आहे की नाही, हे पाहणे आपल्याच हिताचे.

बायांची नावे

सर्वांत मोठी चूक सातबाऱ्यात नसते, घरात असते. खुरपणी, वेचणी, सोंगणी बाईची. भोगवटादाराच्या रकान्यात ती नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीच्या वेळी बायकोच्या नावे जमीन करण्याचा कार्यक्रम दिला, तेव्हा गावेच्या गावे पुढे आली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तरी नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर सासऱ्याचेच नाव, म्हणून मदतीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बहिणी गावोगाव आहेत. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तिची सुरुवात बुलढाण्यातून झाली. चांगले झाले. पण मोहीम येईल तेव्हा येईल, वारसाचा अर्ज आजही देता येतो आणि त्याला वकील लागत नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे तीन कामे ठेवतो. एक, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आठ-अ आणि सगळे सातबारे बरोबर आणावेत; वाचून दाखवायला आम्ही बसू. दोन, प्रत्येक गावाने एक मुलगा आणि एक मुलगी निवडावी, ती गावाचे दप्तर वाचायला शिकतील आणि महिन्यातून एकदा चावडीवरच्या नोटिसा पाहतील. तीन, मयत खातेदारांची यादी गावानेच करावी आणि दिवाळीच्या आत वारसांचे अर्ज द्यावेत, त्यात लेकी-सुनांची नावे गाळू नयेत.

पेरणीआधी बियाणे उगवून पाहता ना? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळता, किती उगवले ते मोजता आणि मग तिफण धरता. दप्तराचेही तसेच करा. अधिसूचना निघाल्यावर एकवीस दिवस मिळतात. आज हाताशी बराच वेळ आहे.